मिशनरी गेले, मंडळी वाढली

१९४९ साली चीनमध्ये साम्यवादी राजवट आली तेव्हा तिथे सुमारे ३० लाख कॅथलिक आणि सात लाखांच्या आसपास प्रॉटेस्टंट होते. त्यामागे प्रॉटेस्टंट मिशनांची शंभर वर्षांहून अधिक आणि कॅथलिकांची त्याहून कितीतरी जुनी मेहनत होती. हजारो परदेशी मिशनरी, दोनशेहून अधिक दवाखाने, तेरा प्रॉटेस्टंट महाविद्यालयं, गावोगावच्या शाळा आणि हे सगळं चालवायला परदेशातून येणारा पैसा. पुढच्या तीन-चार वर्षांत जवळजवळ सगळ्या परदेशी मिशनऱ्यांना देश सोडावा लागला. १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाल्यावर उरलीसुरली चर्चंही बंद झाली. कुठे गोदाम झालं, कुठे कारखाना. चीनमधला ख्रिस्ती धर्म आता इतिहासजमा झाला, असं बाहेरच्या अनेक जाणकारांनी धरूनच टाकलं होतं.

२०१८ मध्ये चीन सरकारनेच एक श्वेतपत्रिका काढली. तिच्यातले आकडे असे: प्रॉटेस्टंट ३ कोटी ८० लाख, कॅथलिक सुमारे ६० लाख.

यात एक नाही, दोन कोडी आहेत. पेरणारे हात गेल्यावर पीक वाढलं कसं, हे पहिलं. दुसरं जास्त विचार करायला लावणारं आहे. सरकार तेच, पोलीस तेच, दुष्काळ आणि दडपशाही दोघांच्याही वाट्याला आलेली. तरी कॅथलिक दुप्पट झाले आणि प्रॉटेस्टंट पन्नास पटींहून जास्त. लोकसंख्याही या काळात अडीच पट वाढली, म्हणजे कॅथलिकांची वाढ तिच्याही मागे राहिली. असं का झालं हे समजलं की पहिल्या कोड्याचं उत्तर हाती लागतं.

गोव्यातून निघालेली वाट

चीनकडे जाणाऱ्या पहिल्या जेझुइट मिशनऱ्यांचा मुक्काम गोव्यात असे. फ्रान्सिस झेवियर १५५२ च्या डिसेंबरमध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगच्वान बेटावर वारले. मुख्य भूमीवर त्यांना पाऊल ठेवता आलं नाही. त्यांचं शव पुढे गोव्यात आणलं गेलं आणि ते आज जुन्या गोव्यात बॉम जेझू बॅसिलिकेत आहे. त्यांच्यानंतर पाव शतकाने, १५७८ मध्ये, मातेओ रिची नावाचा तरुण इटालियन गोव्याला उतरला. तिथे शिकून-शिकवून तो १५८२ मध्ये मकावला पोचला आणि पुढे चीनमध्ये शिरला.

रिचीने सुरुवातीला बौद्ध भिक्षूंसारखे कपडे घातले. चिनी समाजात मान भिक्षूंना नाही, विद्वानांना आहे हे ध्यानात आल्यावर त्याने विद्वानांचा झगा चढवला. कन्फ्यूशियसचे ग्रंथ तो मुळातून शिकला, चिनी भाषेत जगाचा नकाशा केला, आणि श्यू ग्वांगची या अधिकाऱ्यासोबत युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा खंड चिनीत आणले. पूर्वजांच्या पाट्यांपुढे उदबत्ती लावणं ही कुटुंबाची रीत आहे, मूर्तिपूजा नव्हे, असं त्याचं मत होतं. म्हणून धर्मांतर केलेल्यांना ती सोडायला त्याने लावलं नाही.

रोमला हे पटलं नाही. १७१५ आणि १७४२ मध्ये पोपने या रीती कॅथलिकांना निषिद्ध ठरवल्या. दूरच्या परक्या सत्तेने आपल्या प्रजेच्या घरातल्या विधींबद्दल हुकूम सोडावा, हे चिनी सम्राटांना रुचणं शक्यच नव्हतं. १७२४ मध्ये योंगझेंग सम्राटाने ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. रोमने आपला निर्णय फिरवला तो १९३९ मध्ये, दोन शतकांनी.

बंदीच्या काळात खेड्यापाड्यांतले कॅथलिक टिकून राहिले. काही चिनी धर्मगुरू लपतछपत फिरत. प्रार्थना शिकवणं, मरणाच्या दारातल्या बाळांचा बाप्तिस्मा करणं, सणवार पाळणं ही कामं लग्न न करता आपल्या घरी राहून व्रतस्थ जगणाऱ्या बायका करत. या स्त्रियांची नोंद मिशनच्या इतिहासात फार कमी ठिकाणी नीट झाली आहे, आणि ते बरोबर नाही. शंभर वर्षं समाज तगला तो बराचसा त्यांच्या जिवावर.

अफू, पत्रकं आणि बांबूची पट्टी

एकोणिसाव्या शतकात मिशन परतलं ते वाईट संगतीत. १८३० च्या दशकात कार्ल ग्युत्झलाफ हा जर्मन मिशनरी अफूच्या जहाजावर दुभाष्या म्हणून चढला आणि किनाऱ्याकिनाऱ्याने धर्मपत्रकं वाटत गेला. एका बाजूने पेट्या उतरत होत्या, दुसऱ्या बाजूने पत्रकं. त्या अफूतली बरीचशी माळव्यात पिकलेली आणि मुंबई बंदरातून गेलेली होती. अफूच्या युद्धांनंतर १८४२ पासून १८६० पर्यंत जे तह चीनवर लादले गेले, त्यांतच मिशनऱ्यांना देशात फिरण्याची मुभा मिळाली. धर्म आणि तोफा एकाच कागदावर आल्या. पुढे १९०० मध्ये बॉक्सर बंडखोरांनी हजारो चिनी ख्रिश्चनांना मारलं, त्या रागाची मुळं या तहांमध्ये आहेत. लोकांच्या मनात या तहांची जखम इतकी खोल होती की आजही सरकार ‘परकी घुसखोरी’ हे शब्द उच्चारतं तेव्हा सामान्य चिनी माणसाला ते पोकळ वाटत नाहीत.

त्याच काळातलं दुसरं चित्र निराळं आहे. १८३५ च्या नोव्हेंबरमध्ये पीटर पार्कर या अमेरिकन डॉक्टरने कँटनमध्ये, म्हणजे आजच्या ग्वांगझोऊमध्ये, डोळ्यांचा दवाखाना उघडला. दारात येणाऱ्या प्रत्येकाला क्रमांक लिहिलेली बांबूची पट्टी मिळे. मोतीबिंदू झालेले अधिकारी आणि आंधळे भिकारी त्याच रांगेत बसत. चेहऱ्यावर, हातावर फुटबॉलएवढ्या गाठी घेऊन माणसं येत आणि शस्त्रक्रियेआधी लामक्वा नावाचा चिनी चित्रकार त्यांची चित्रं काढून ठेवी. ती चित्रं आजही जपलेली आहेत. वीसेक वर्षांत तिथे पन्नास हजारांहून अधिक रुग्ण तपासले गेले. पुढे याच रुग्णालयात चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सन यत-सेन यांनी वैद्यकाचे पहिले धडे घेतले.

अशा दवाखान्यांतून आधुनिक चिनी वैद्यकाचा पाया घातला गेला. बीजिंगचं प्रसिद्ध युनियन मेडिकल कॉलेज १९०६ मध्ये मिशन संस्थांनी मिळून सुरू केलं आणि नंतर रॉकफेलर फाउंडेशनने ते हाती घेतलं. छांगशाचं श्यांग्या आणि चेंगडूचं वेस्ट चायना ही आजची बडी सरकारी रुग्णालयंही मिशनच्या कामातूनच वाढली.

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या कथेतही हा धागा आहे. व्ही. शांतारामांच्या चित्रपटामुळे ते नाव मराठी घरांत पोचलं, पण त्यांच्या आसपासच्या ख्रिस्ती परिचारिका मागेच राहिल्या. हबेई प्रांताच्या डोंगरात कॅथलीन हॉल ही न्यूझीलंडची अँग्लिकन मिशनरी परिचारिका छोटा दवाखाना चालवत असे. जपान्यांच्या ताब्यातल्या बीजिंगमध्ये जाऊन ती आपल्या दवाखान्याच्या नावाने औषधं घेई आणि जपानी चौक्यांमधून ती साम्यवादी सैन्यासोबत काम करणाऱ्या कॅनेडियन डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्याकडे पोचवी. बीजिंगमधल्या परिचारिकांनाही ती बेथ्यूनच्या कामासाठी तयार करत असे. त्यांतल्याच एक क्वो चिंगलान. १९४१ मध्ये त्यांनी कोटणीसांशी लग्न केलं. ते तेव्हा बेथ्यूनच्या नावाने उभारलेल्या शांतता रुग्णालयाचे प्रमुख होते. हॉलचा दवाखाना जपानी सैन्याने १९३९ मध्येच जाळून टाकला होता.

तीन ‘स्व’

सेवा मोठी होती; पण दवाखान्याचा पगार, शाळेची इमारत, पाळकाचं मानधन सगळं बाहेरून येत होतं. बाहेरचा हात निघाला तर काय, हा प्रश्न मिशनांमधल्या शहाण्यासुरत्यांना फार आधी पडला होता. लंडनच्या चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन (नाशिकजवळच्या शरणपूरची वसाहत याच संस्थेची) आणि अमेरिकन बोर्डाचे रूफस अँडरसन या दोघांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात त्यावर सूत्र मांडलं. स्थानिक मंडळीने आपला कारभार आपण पाहावा, खर्च आपण उचलावा, प्रसार आपण करावा. अमेरिकन मराठी मिशन अँडरसनच्याच बोर्डाचं होतं. १८५४-५५ मध्ये तो स्वतः हिंदुस्थानात येऊन मराठी मिशनचं काम पाहून गेला आणि स्थानिक पाळक नेमण्याचा त्याने आग्रह धरला.

बोलणं सोपं होतं. प्रत्यक्षात मिशनऱ्यांना सूत्रं सोडवत नव्हती. म्हणून चीनमध्ये काहींनी ती आपणच उचलली. १९१७ मध्ये बीजिंगच्या वेई एन्बो या कापड व्यापाऱ्याने ‘खरी येशू मंडळी’ काढली, परदेशी मिशनचा एक पैसाही न घेता. त्याच वर्षी रेव्हरंड नारायण वामन टिळक अमेरिकन मिशनमधून बाहेर पडले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडून बसले. दोघांची एकमेकांशी ओळख असण्याचं कारण नव्हतं. दुखणं मात्र एकच होतं.

१९५० मध्ये कोरियाचं युद्ध पेटलं आणि त्या वर्षअखेर अमेरिकेतून येणारा पैसा थांबला. वू याओझोंग या ख्रिस्ती विचारवंताने साम्राज्यवादाशी नातं तोडण्याचं जाहीर निवेदन काढलं, त्यावर पुढे चार लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. १९५४ मध्ये ‘तीन-स्व देशभक्त चळवळ’ उभी राहिली. मिशनऱ्यांनीच शोधलेलं सूत्र आता मिशनऱ्यांना दूर ठेवण्यासाठी वापरलं जाऊ लागलं. त्याला आणखी एक अट जोडली गेली: सरकारमान्य चौकटीत राहण्याची. बीजिंगचे वांग मिंगदाओ ती मानायला तयार नव्हते. परदेशी मिशनचा आधार त्यांनी कधीच घेतला नव्हता, त्यामुळे ‘परक्यांचे हस्तक’ हा आरोप त्यांच्यावर चिकटणं कठीण होतं. तरी १९५५ मध्ये त्यांना अटक झाली आणि अखेरची सुटका १९८० मध्ये.

कुलूप लागल्यावर काय उरतं?

आता दुसऱ्या कोड्याकडे येऊ. कॅथलिक उपासनेच्या मध्यभागी मिस्सा आहे. मिस्सा अर्पण करायला दीक्षित धर्मगुरू लागतो, धर्मगुरूला दीक्षा द्यायला बिशप लागतो, आणि बिशप नेमतो पोप. १९५७ मध्ये सरकारने कॅथलिकांसाठी वेगळी देशभक्त संघटना काढली आणि पुढच्याच वर्षी रोमच्या संमतीवाचून बिशपांचे अभिषेक सुरू झाले. साखळी मधोमध तुटली. कुणी सरकारमान्य बिशपाकडे गेले, कुणी भूमिगत राहिले, आणि एकाच गावात दोन तट पडले. जुनी कॅथलिक गावं श्रद्धेने तगून राहिली. मुलं बापाच्या धर्मात वाढली. पण नवी गावं जोडायला धर्मगुरूच नव्हते. हा तिढा सोडवण्यासाठी व्हॅटिकन आणि बीजिंगने २०१८ मध्ये बिशपांच्या नेमणुकीबद्दल हंगामी करार केला. त्याचं नूतनीकरण होत आलं आहे, शेवटचं २०२४ मध्ये चार वर्षांसाठी.

प्रॉटेस्टंट उपासनेला फार थोडं लागतं. वाचता येणारं एक माणूस, एक बायबल, चार भिंती. चर्च बंद झालं तेव्हा लोक स्वयंपाकघरात जमले. बायबलं जप्त झाली तेव्हा हाताने उतरवून काढली. पाळक तुरुंगात गेले तेव्हा त्यांच्या बायका, आया, म्हाताऱ्या शेजारणी प्रार्थना सांगू लागल्या. यालाच पुढे ‘गृहमंडळी’ म्हणू लागले. तीन ‘स्व’ मिशनऱ्यांच्या कागदावर शंभर वर्षं होते, सरकारी फलकावर बारा वर्षं. ते खऱ्या अर्थाने अमलात आले ते या स्वयंपाकघरांमध्ये, जिथे ना पगार होता ना इमारत.

बंदीमुळेच धर्म वाढला, असं मात्र म्हणता येत नाही. बंदीने माणसं चिरडली, घरं फोडली. बंदीतून जे उरलं ते कुणाच्या येण्याची वाट पाहणारं नव्हतं, एवढाच याचा अर्थ. वाढ झाली ती बंदी सैल झाल्यावर.

दुखणं आणि प्रार्थना

१९७९ मध्ये चर्चं पुन्हा उघडू लागली. १९८२ मध्ये साम्यवादी पक्षाच्या ‘दस्तऐवज १९’ या धोरणपत्राने धर्म बळाने संपवता येत नाही हे पक्षाच्या भाषेत मान्य केलं. त्याच सुमारास खेड्यांत दुसरं काही कोसळत होतं. सामुदायिक शेतीच्या काळात गावोगाव सहकारी आरोग्य योजना होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती सुमारे ९० टक्के गावांत पोचली होती. कम्यून मोडले आणि काही वर्षांतच हे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली आलं. शेतकऱ्याच्या हातात पैसा आला. पण घरात कुणी आजारी पडलं की तो सगळा जाऊ लागला.

अशा घरी शेजारची बाई यायची. तिच्याकडे औषध नसायचं. ती प्रार्थना करायची, रोग्याजवळ बसायची, चूल पेटवून द्यायची, उद्या परत यायची. माणूस बरं झालं तर अख्खं घर तिच्यासोबत उपासनेला जाई. बरं झालं नाही तरी ती येत राहिली हे लोक विसरत नसत. चिनी समाजविज्ञान अकादमीच्या २०१० मधल्या पाहणीत प्रॉटेस्टंटांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रिया निघाल्या, आणि जवळपास तितक्याच लोकांनी श्रद्धेकडे वळण्याचं कारण स्वतःचं किंवा घरच्या कुणाचं आजारपण असं सांगितलं. पार्करच्या दवाखान्यातून जे काम अर्धवट झालं होतं ते औषधाविना, शस्त्राविना, शेतकरी बायकांनी पुढे नेलं. याला कुणी अंधश्रद्धा म्हणेल, आणि उपचार टाळल्याने जीव गेल्याची उदाहरणंही आहेत. पण जिथे दवाखानाच उरला नव्हता तिथे सोबत हीच मोठी सेवा होती, हे नाकारता येणार नाही.

हेनान प्रांतात ही लाट सर्वांत जोरात आली. तिथल्याच ल्यू श्याओमिन. हुई मुस्लिम वंशाच्या शेतकरी घरात जन्मलेल्या, आजारपणामुळे शाळा अर्ध्यावर सुटलेल्या, संगीताची लिपी न शिकलेल्या. १९९० च्या सुमारास त्यांना गाणी सुचू लागली. त्या गात, दुसरं कुणी लिहून घेई. हजाराहून अधिक गीतं झाली. ‘कनानची गीतं’ म्हणून ती आज मान्यताप्राप्त चर्चांतही गातात आणि गृहमंडळ्यांतही. चाली ऐकल्या तर पाश्चात्त्य भजनांपेक्षा चिनी लोकगीतं जास्त जवळची वाटतात.

चौकट: आकडे जुळत का नाहीत?

सरकारचा २०१८ चा आकडा ३.८ कोटी प्रॉटेस्टंटांचा. समाजविज्ञान अकादमीने २०१० मध्ये २.३ कोटी धरले होते. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने त्याच वर्षासाठी सगळे ख्रिस्ती मिळून सुमारे ६.७ कोटी असा अंदाज दिला. पुढे २०१८ च्या एका राष्ट्रीय सर्वेक्षणात मात्र दोनच टक्के प्रौढांनी, म्हणजे सुमारे दोन कोटींनी, आपण ख्रिस्ती असल्याचं सांगितलं. मोजण्याची पद्धत बदलली की आकडा बदलतो. घरी आलेल्या अनोळखी माणसाला गृहमंडळीतला सदस्य खरं सांगेलच असं नाही. शिवाय पक्षाच्या सदस्यांना धर्म पाळायला मनाई आहे, त्यामुळे त्यांतले श्रद्धावंत कुठेच दिसत नाहीत. उपलब्ध सर्वेक्षणं पाहता २०१० नंतर वाढ थांबल्यासारखी दिसते, असा प्यूचा २०२३ मधला निष्कर्ष आहे.

वेन्झोऊचे व्यापारी

झेजियांग प्रांतातल्या वेन्झोऊ शहराला ‘चीनचं जेरुसलेम’ म्हणतात. १८६७ मध्ये जॉर्ज स्टॉट नावाचा एका पायाचा स्कॉटिश मिशनरी तिथे आला. त्याच्यानंतर आलेल्या मेथडिस्टांनी फेरीची पद्धत रुजवली: एका गावात एक पाळक नेमण्याऐवजी बऱ्याच गावांसाठी प्रचारकांची पाळी लावायची. पुढे सरकारने नेमका हाच मुलूख निवडला. १९५८ मध्ये वेन्झोऊच्या भागात धर्ममुक्त क्षेत्राचा प्रयोग झाला. लोक रात्री डोंगरात जमू लागले. फेरीची पद्धत तिथे कामी आली. आज कोण कुठल्या वस्तीत बोलणार याचं वेळापत्रक ठरलेलं, बोलणारे बहुतेक शेतकरी, शिंपी, दुकानदार.

डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या या पट्टीत शेती कमी. समोर तैवान, म्हणून सरकारी कारखानेही फारसे आले नाहीत. खुलेपणा आला तेव्हा वेन्झोऊची कुटुंबं घरातच बटणं, बूट, लायटर बनवू लागली आणि विकायला देशभर फिरू लागली. बीजिंग असो की युन्नान, वेन्झोऊचा व्यापारी गेला की तिथे वेन्झोऊची प्रार्थनासभा उभी राहिली. कोकणातला चाकरमानी गिरणगावात उतरला की आधी गावकीची खोली शोधायचा. झोपायला जागा, गिरणीत चिकटवणारा ओळखीचा माणूस आणि रात्रीचं भजन एकाच ठिकाणी मिळायचं, वर्गणी सगळ्यांची. वेन्झोऊच्या मंडळीचं काम नेमकं असंच चालतं. नव्या शहरात भांडवल उसनं कोण देईल, माल कोण उचलेल, मुलीला स्थळ कोण सुचवेल, सगळी ओळख तिथेच. ही माणसं पुढे पॅरिसला आणि इटलीतल्या प्रातोला पोचली, आणि मंडळी सोबत गेली.

‘मालक ख्रिस्ती’ ही नवी जात यातून आली. पैसा आला तसा मोठेपणाचा सोसही आला. चर्चं उंच झाली, क्रूस त्याहून उंच. कारखान्याचा मालक मंडळीचा वडीलही असला तर कामगाराने आपलं गाऱ्हाणं कुणापुढे मांडायचं, हा प्रश्न तिथल्या ख्रिश्चनांनाच छळतो. २०१४ मध्ये प्रांतिक सरकारने बेकायदा बांधकामाचं कारण देऊन क्रूस उतरवायला सुरुवात केली. त्या एप्रिलच्या अखेरीस वेन्झोऊजवळचं सानच्यांग चर्च पाडलं. ते सरकारमान्य चर्च होतं, गृहमंडळीचं नव्हे. रात्रंदिवस पहारा देत बसलेल्यांत म्हातारी माणसं पुष्कळ होती. दोन वर्षांत हजाराहून अधिक क्रूस उतरले.

नानजिंगचा छापखाना

सगळी गोष्ट संघर्षाचीच आहे असं नाही. १९८५ मध्ये बिशप डिंग ग्वांगश्युन यांच्या पुढाकाराने नानजिंगला ‘अॅमिटी’ ही सेवासंस्था निघाली. गावच्या डॉक्टरांना शिकवणं, अनाथ मुलांना घर मिळवून देणं, अंधत्व टाळणं अशी कामं तिने हातात घेतली, आणि मदत घेणाऱ्याचा धर्म विचारला नाही. आंतरराष्ट्रीय बायबल संस्थांसोबत तिने काढलेल्या छापखान्यात १९८७ मध्ये बायबल छापायला सुरुवात झाली. कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ कागद या संस्था पुरवत, म्हणून किंमत शेतकऱ्यालाही परवडे. २०१२ मध्ये तिथे दहा कोटीवी प्रत निघाली, २०१९ मध्ये वीस कोटीवी. बरीचशी इतर देशांत गेली. चीनमध्ये मात्र बायबल पुस्तकाच्या दुकानात मिळत नाही, चर्चमधूनच घ्यावं लागतं. ऑनलाइन दुकानांतूनही ते २०१८ मध्ये काढलं गेलं.

१२ मे २००८ ला सिच्वानमध्ये भूकंप झाला. मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे ८७ हजार माणसं गेली. देशभरातून निघालेल्या स्वयंसेवकांत सरकारमान्य चर्चांची माणसं होती आणि गृहमंडळ्यांचीही. कागदावर अस्तित्वातच नसलेल्या मंडळ्या तंबू ठोकत होत्या आणि स्थानिक अधिकारी त्यांना पोती उतरवायची जागा दाखवत होते. बरेच जण महिनोन् महिने राहिले. २०१२ मध्ये सहा सरकारी खात्यांनी मिळून धार्मिक संस्थांना समाजसेवेत उतरण्याचं अधिकृत उत्तेजन दिलं.

मोकळी जागा आकसताना

शहरात आलेली पिढी स्वयंपाकघरात दबक्या आवाजात गाणारी नव्हती. वकील, प्राध्यापक, अभियंते कार्यालयांचे मजले भाड्याने घेऊन उघड उपासना करू लागले. चेंगडूचे वांग यी कायद्याचे प्राध्यापक. त्यांच्या ‘अर्ली रेन’ मंडळीने राजकीय कैद्यांच्या घरच्यांना आधार दिला. बीजिंगची ‘झायन’ मंडळी दीड हजार माणसांची होती. नवे धर्मनियम फेब्रुवारी २०१८ पासून लागू झाले. झायनने सभागृहात पाळतीचे कॅमेरे बसवायला नकार दिला आणि सप्टेंबरमध्ये तिला टाळं लागलं. डिसेंबरमध्ये वांग यींना अटक झाली. २०१९ च्या अखेरीस त्यांना नऊ वर्षांची शिक्षा सुनावली गेली. झायन ऑनलाइन गेली आणि अनेक शहरांत पसरली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तिचे पाळक जिन मिंगरी आणि बरेच सहकारी पकडले गेले. बाहेरच्या सेवासंस्थांवर २०१७ पासून वेगळा कायदा आहे. पोलीस खात्याकडे नोंदणी केल्याशिवाय काम करता येत नाही, आणि धर्मप्रसार तर मुळीच नाही.

याच वेळी गावं ओसरत आहेत. २०२० च्या जनगणनेत आपला मूळ पत्ता सोडून दुसरीकडे राहणारे ३७.६ कोटी लोक मोजले गेले, आणि साठीच्या पुढचे २६.४ कोटी. हेनानच्या ज्या बायकांनी १९८० च्या दशकात शेजाऱ्यांच्या खाटेपाशी रात्री काढल्या, त्या आता स्वतः सत्तरीत आहेत आणि मुलं दक्षिणेतल्या कारखान्यांत. त्यांच्याकडे कोण बघणार, हा खेड्यांतल्या मंडळ्यांपुढचा आजचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. म्हणून सेवेचा भर शाळा-दवाखान्यांकडून वृद्धांच्या देखभालीकडे सरकतो आहे. अॅमिटी आणि कॅथलिकांची शिजियाझ्वांगची ‘जिंदे’ या दोन्ही संस्था त्यात आहेत. कॅथलिक सिस्टर्स कुष्ठरोग्यांच्या जुन्या वसाहतींत आणि वृद्धाश्रमांत राबतात. या कामाला सरकारची हरकत नसते, कारण गरज त्यालाही आहे.

हरकत आहे ती दुसऱ्या टोकाला, मुलांच्या बाबतीत. २०१७ पासून वेन्झोऊच्या काही भागांत चर्चमधले मुलांचे रविवारचे वर्ग बंद करायला लावले गेले. पालकांनी वर्ग घरांमध्ये हलवले, कुठे दिवसाची वेळ बदलली, कुठे पाळणाघराच्या नावाखाली चालू ठेवले. शिकवतात त्या बहुतेक आया आणि आज्या.